पडलेला माणूस कुठं जातो

"साहेब, हात सैल सोडा," नर्सबाई म्हणाल्या.

"सैल कसा सोडू? समोर शत्रू आहे!" कॅप्टन फाळके ओरडले.

शत्रू समोर होता हे खरं. माझ्या दुकानातल्या तिसऱ्या कॉम्प्युटरवर तो एका पडक्या भिंतीआड बंदूक रोखून उभा होता. कॅप्टनसाहेबांच्या उजव्या हातात माउस होता आणि डाव्या दंडाला बीपी मोजायचा पट्टा. नर्सबाईंनी फुगा दाबला, शत्रूनं चाप दाबला, आणि कॅप्टनसाहेब मेले. पारा एकशे ऐंशीवर गेला.

"लिहून घ्या," कॅप्टनसाहेब स्वतःच म्हणाले. "मृत्यूनंतर एकशे ऐंशी."

नर्सबाईंनी लिहून घेतलं. उपकेंद्रात वीस वर्षं काढलेली बाई ती. तिला कशाचंच नवल वाटत नसे.

याला आता बारा-तेरा वर्षं झाली. आमचं गाव पानवळ, जिल्हा सातारा. कागदावर नुसतं पानवळ, पण लोक म्हणतात पानवळ मिलिटरी, कारण घरटी एक तरी माणूस फौजेत. दारादारावर पितळी पाट्या आहेत, सुभेदार अमुक, हवालदार तमुक, आणि दिवाळी आली की चकल्यांच्याही आधी घरोघरच्या सुना त्या पाट्या चिंचेनं घासायला घेतात. माझे वडील पायदळात नाईक होते. थोरल्या बहिणीचं नाव त्यांनी विजयंता ठेवलं, ते रणगाड्याचं. माझं विक्रांत ठेवलं, ते जहाजाचं. जहाज भरतीला गेलं, तेव्हा डॉक्टरांनी तळपाय बघितले, ते सपाट निघाले, आणि जहाज एसटीनं परत आलं. भारत सरकारनं लेखी नाकारलेला गावातला मी एकटाच तरुण. त्यानंतर वडील पाहुण्यांना माझी ओळख 'हा विजयंताचा भाऊ' एवढीच करून द्यायला लागले.

मग मी स्टँडजवळच्या गाळ्यात सहा जुने कॉम्प्युटर मांडले आणि पाटी लावली, 'कमांडो गेम झोन, मालक विक्रांत साळुंखे.' माझ्या नावाची ती पहिलीच पाटी. वडील दुकानात पाऊल टाकायचे नाहीत, पण येता-जाता थांबून पाटी वाचायचे. दिवाळीच्या आधी एकदा तर ते ओल्या फडक्यात चिंच घेऊन शिडीवर चढलेले मला दिसले. पाटी फ्लेक्सची होती.

दुकान जोरात चाललं होतं. पोरं शाळा सुटली की रांग लावायची आणि दिसेल त्याला गोळ्या घालायची. मग एके दिवशी सरपंच शैलाताईंच्या पुतण्यानं, यशराजनं, आठवीच्या वर्गात 'ग्रेनेड!' असं ओरडून डस्टर फेकला. तो नेमका मुख्याध्यापक डांगे सरांच्या कपाळावर फुटला. सरांना चार टाके पडले आणि माझ्या दुकानावर ग्रामसभा बसली.

ज्या गावात बारशाला पाळण्यात प्लास्टिकची बंदूक ठेवतात, त्या गावात त्या दिवशी हिंसा या विषयावर दोन तास चर्चा झाली. डांगे सर डोक्याला पट्टी बांधून उभे राहिले. म्हणाले, गोळीबाराच्या गेममुळं मुलं आक्रमक होतात असं पुष्कळ जण म्हणतात, मात्र शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

"ते शास्त्रज्ञ फौजेत होते का?" कॅप्टन फाळक्यांनी विचारलं.

सर म्हणाले, "बहुतेक नसावेत."

"मग त्यांना काय कळणार? आक्रमक माणूस आम्ही जवळून बघितलाय."

आमच्या गावात भानगड म्हशीची असो की सोयरिकीची, ती फौजी पद्धतीनंच सुटते. तीन माणसांची चौकशी समिती नेमायची, तिला गावकरी कोर्ट ऑफ इन्क्वायरी म्हणतात. ठरलं असं की समितीच्या तिघा माजी सैनिकांनी रोज दुपारी माझ्या दुकानात जाऊन स्वतः तो गेम खेळायचा. आधी आणि नंतर नर्सबाईंनी बीपी मोजायचं. घरी जाऊन कुणी भांडतो का, हे बायकांना विचारायचं. शेवटी ग्रामसभेत प्रत्येकानं उभं राहून कारणासकट मत द्यायचं, कारणाशिवायचं मत धरायचं नाही, आणि दोन मतं जिकडं, तिकडं निकाल. दुकान राहील, नाहीतर जाईल.

पहिले सभासद अर्थातच कॅप्टन शामराव फाळके. निवृत्त होताना मिळालेला मानाचा हुद्दा होता तो. सगळी नोकरी शिधा आणि ब्लँकेटांच्या गोदामात गेलेली. तरी दर पंधरा ऑगस्टला स्मारकाजवळच्या माइकवर लढाई सांगायची आमच्याकडं पद्धत आहे, तिथं सगळ्यात लांब लढाई यांचीच. मी पहिलीत असताना तिच्यात शत्रूची माणसं सहा होती. मी दहावीला गेलो तोवर एक अख्खी तुकडी आणि दोन घोडे आले होते.

दुसरे हवालदार खिलारे. तोफखान्यातले, त्यामुळं ठार बहिरे. त्यांनी पहिल्याच दिवशी अर्धा तास पडदा न्याहाळला आणि दुकान हादरेल अशा आवाजात विचारलं, "यात तोफा कुठायत?"

"यात तोफा नाहीत, काका!" मी कानाशी ओरडलो.

"आँ?"

"तोफा नाहीत!"

"तोफांशिवाय लढाई?" त्यांनी माउस बाजूला सारला. "हा आर्टिलरीचा अपमान आहे. बंद करा."

त्यांचं मत पहिल्या अर्ध्या तासात गेलं. उलट कॅप्टनसाहेब तिसऱ्या दिवसापासून मी कुलूप काढायच्या आधी पायरीवर येऊन बसायला लागले. समितीच्या कामासाठी जादा सराव हवा, असं म्हणायचे. स्वतःच्या नातवाला त्यांनी खुर्चीवरून उठवून अभ्यासाला पिटाळलं. त्यांचं मत माझ्या खिशात होतं. म्हणजे सगळं तिसऱ्यावर आलं.

तिसरे महिपती शेलार, गावाचे आप्पा. नाईक म्हणून निवृत्त झालेले, वयानं पन्नाशीच्या आतबाहेर. कारगिलच्या वेळी ते वर होते एवढं गावाला माहीत होतं. पण पंधरा ऑगस्टला ते कधी माइककडं फिरकले नाहीत. मागं उभं राहून पोरांना जिलब्या वाटायचे. त्यांच्या दारावर पितळी पाटी नव्हती, फक्त घर नंबर. लोक म्हणायचे, हा वर भाकऱ्या भाजत असणार. आप्पा तेही ऐकायचे आणि आणखी एक जिलबी द्यायचे. समितीला तिसरा माणूस मिळेना, आणि यांना नाही म्हणता येत नसे, म्हणून ते सभासद झाले.

त्यांनी माउस हातात धरला तो कोंबडीचं पिल्लू धरावं तसा. मी गेम लावून दिला. डोंगरउताराचा नकाशा होता, दगडधोंडे, वर धुकं. एक माणूस समोरून चालत आला. आप्पांनी बराच वेळ त्याला येऊ दिलं. मग एकच गोळी झाडली. माणूस उताणा पडला, आणि थोड्या वेळानं नेहमीप्रमाणे विरून गेला.

आप्पा खुर्चीतून पुढं झुकले.

"पडलेला कुठं गेला?"

"गेला, आप्पा."

"कुणी नेला?"

"कुणी नाही. कॉम्प्युटरच काढून टाकतो. ठेवला तर मशीनवर भार येतो, गेम अडकतो."

"कुणाला उचलाय लागत न्हाई?"

"नाही."

"आपोआप?"

"आपोआप."

त्या रिकाम्या जागेकडं ते बघत राहिले. अंधारात पायरी चुकल्यासारखं त्यांचं तोंड झालं होतं, आणि मग अचानक ते हसले. आप्पांना मी तोवर हसताना बघितलं नव्हतं. दात छान होते त्यांचे.

"परत दाव," ते म्हणाले.

मी परत दाखवलं. मग परत. नर्सबाईंनी पट्टा बांधला, फुगा दाबला, भुवया चढवल्या, पट्टा सोडून दुसऱ्या दंडाला बांधला.

"आप्पा, तुमचं उतरतंय."

"काय?"

"बीपी. आधी एकशे साठ होतं. आता एकशे तीस."

कॅप्टनसाहेबांना हे पटलं नाही. त्यांनी स्वतःचा दंड पुढं केला. मशीन बरोबर होतं. त्यांचं एकशे नव्वद निघालं.

पुढच्या दुपारी तेच झालं, त्याच्या पुढच्या दुपारीही तेच. आप्पा कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसायचे. पोरं धावत-ओरडत खेळतात तसं नाही. डोंगराचा तोच नकाशा लावायचे. एका दगडाआड थांबायचे. समोरून एक आला की एक गोळी, आणि मग बंदूक खाली ठेवून तो जाईपर्यंत बघत बसायचे. तो गेला की दीर्घ श्वास सोडायचे, उंबऱ्यापर्यंत जाऊन पाहुण्याला निरोप दिल्यावर सोडतात तसा. गेममध्ये गुण किती झाले ते त्यांनी कधी बघितलं नाही. मला तेव्हा त्यात गंमत वाटत होती. मी वडिलांनासुद्धा सांगितलं, की आप्पा सगळ्यात शिस्तीत मारतात. वडील म्हणाले, "तू त्याच्या मागं उभा राहत जाऊ नको." का, ते सांगितलं नाही.

एका सकाळी इंदूकाकी, आप्पांची बायको, दुकानात आल्या. दुकानात पाऊल टाकलेली ती पहिली बाई, नर्सबाई सोडून. हातात डब्यात तिळाची चटणी होती.

"विक्रांता, ह्यांना काय दावतोस रं तू?"

मी घाबरलो. "काय झालं, काकी? भांडले का घरी?"

"भांडत्यात कुठं! झोपले." काकींनी डबा काउंटरवर ठेवला. "सलग झोपले. घोरले. वरनं खाली आल्यापासनं हा माणूस रातभर भिंतीला टेकून बसतोय, बाबा. मी उठून बघितलं तर बसलेलाच. आता झोपतोय. परवा पहिल्यांदा घोरला तर मी घाबरून शेजारणीला हाका मारल्या."

"मग बरंच झालं की."

"तेच म्हणते. दुकान बंद करू नगोस, काय वाट्टेल ते होऊ दे." त्या निघाल्या आणि दारातनं परत वळल्या. "डबा धुऊन दी."

चटणी उत्तम होती. मी निर्धास्त झालो. ज्या माणसाला माझ्या दुकानामुळं वर्षानुवर्षांची झोप मिळाली, तो दुकानाविरुद्ध मत कसा देईल? मी आणखी दोन कॉम्प्युटर कुठं बसतील त्याची मापंही घेतली.

ग्रामसभेच्या आदल्या दुपारी समितीचं काम संपलं. खिलारेकाका आलेच नव्हते. कॅप्टनसाहेबांना नातू बोलवायला आला म्हणून ते नाइलाजानं उठले. नर्सबाई पट्टा गुंडाळून गेल्या. मी दोन चहा सांगितले आणि आप्पांच्या शेजारची खुर्ची ओढली.

"आप्पा, उद्या जरा कारण नीट सांगा. नुसतं 'चालू ठेवा' म्हटलं तर धरणार नाहीत. बीपीचं सांगा, झोपेचं सांगा."

आप्पा चहा बशीत ओतत होते. "मी बंद करा म्हणणार हाय."

मला वाटलं, ते चेष्टा करतायत. आमच्या गावात चेष्टा अशीच, चेहरा न हलवता करतात. मी हसलो. ते हसले नाहीत.

"का? माझं काय चुकलं?"

"तुझं काय चुकलं न्हाई."

"काकी येऊन गेल्या माझ्याकडं. तुम्हाला झोप लागते म्हणून सांगून गेल्या. चटणी दिली!"

"लागती की झोप. बरं वाटतंय मला. लई बरं वाटतंय." त्यांनी बशी तशीच खाली ठेवली. "म्हणूनच म्हणतो."

"मला काही कळत नाही, आप्पा."

ते बंद पडद्याकडं वळले. मग बोलायला लागले, आणि एकदा लागल्यावर मध्ये थांबले नाहीत.

"वर आमची चौकी होती. म्होरं उतार. त्या उतारावर एक जण आला. एकटाच. चुकला असंल, का बघाय पाठवला असंल, काय ठावं. माझ्या टप्प्यात आला. मी झाडली. पडला. लढाईत पडत्यातच माणसं, त्याचं काय न्हाई. पण तो पडला तो आमच्या आन त्यांच्या मधोमध. आम्ही आणाय गेलो तर ते झाडणार, ते आले तर आम्ही. मग तो तिथंच. सकाळी उठून चहा घ्यायचा तर तो म्होरं. भाकरी खायची तर तो म्होरं. पोरगाच होता. दुर्बिणीतनं दिसायचं, अंगात हातानं विणलेला सेटर, एक बाही दुसऱ्या रंगाची. लोकर कमी पडली असंल त्याच्या आईला."

"आप्पा..."

"कावळे यायचे. तिथं काळे कावळे असत्यात, पिवळ्या चोचीचे. ते त्याच्याजवळ उतरले की मी गोळी झाडून हाकायचा. साहेब ओरडले, शेलार, गोळ्या कावळ्यांसाठी दिल्यात का? मग मी दगडं मारायला लागलो. दगड पोचत न्हवता. तरी मारायचा." आप्पांनी हात पुसले, हाताला काही लागलेलं नव्हतं. "मग एका सकाळी उठलो तर बर्फ पडलेलं. सगळं पांढरं. तो दिसंना. दोन दिवसांनी आमची तुकडी खाली आली. त्याला कुणी नेला न्हाई. मी डोळं झाकून सांगंन तो कुठाय ते. दगडाच्या डाव्या अंगाला, डोकं खाली, पाय वर."

रस्त्यावरून एसटी गेली. काचा थरथरल्या.

"खाली आलो तसा तो यायला लागला. रोज. बोलत न्हाई काय. येतो, भिंतीला टेकून बसतो. मग मीबी बसतो. पावणा बसलाय आन आपण झोपायचं, हे बरं दिसत न्हाई. आन हितं तुझ्याकडं आलो तर... तू म्हणलास, आपोआप जातो. मी रोज बघितलं, खरंच जातोय. पडला की जातोय. तीन-चार दिसांत माझ्याकडचाबी यायचा बंद झाला. मी झोपलो." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "परवा मी सेटर आठवाय गेलो. दुसरी बाही कुठल्या रंगाची, ती आठवंना."

"मग चांगलंच आहे की, आप्पा. इतकी वर्षं झाली. विसरायचंच असतं."

"त्याच्या आईला ठावं न्हाई तो कुठाय. त्यांच्या फौजेला ठावं न्हाई. आपल्या साहेबांनी कुठं लिहिलं न्हाई. सगळ्या दुनियेत त्याचा पत्ता ठावं असलेला मी एकला हाय, विक्रांता. मीच इसारलो तर तो कुठाय मग?"

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. मला त्या मेलेल्या पोराचं वाईट वाटलं, पण दुकानाचं जास्त वाटलं, आणि मी ते बोललोही.

"एका मेलेल्या माणसासाठी माझं दुकान बंद करायचं?"

"व्हय," आप्पा म्हणाले. "मी हिकडं न यायचा लई प्रयत्न केला. पाय आपसूक हिकडं येत्यात. चालू राहिलं तर मी येणार."

मग त्यांनी चहा प्यायला. गार झाला होता.

ग्रामसभा सकाळी शाळेच्या पटांगणात भरली. शैलाताई मध्ये, पुढच्या रांगेत माजी सैनिक हुद्द्याप्रमाणे, मागं बाकीचं गाव. मी एका कडेला आरोपीसारखा उभा. वडील पहिल्यांदाच माझ्या बाजूला येऊन उभे राहिले होते, म्हणजे हातभर अंतरावर.

खिलारेकाका उठले. "बंद करा! कारण, यात तोफखाना नाही!" टाळ्या पडल्या. आमच्याकडं तोफखान्याला मान आहे.

कॅप्टनसाहेब उठले. "चालू ठेवा. कारण, मी आठवडाभर खेळलो, माझं बीपी वाढलं, पण मी कुणाला मारलं नाही. उलट मलाच सदतीस वेळा मारलं."

मग आप्पा उठले. माइक त्यांनी हातात घेतला नाही, तरी आवाज सगळीकडं गेला, इतकी शांतता होती.

"बंद करा."

मागं बायकांमध्ये खळबळ झाली आणि इंदूकाकी उभ्या राहिल्या. ग्रामसभेत त्या आजवर कधी बोलल्या नव्हत्या. पदर तोंडावर धरून त्या म्हणाल्या, "बंद करू नगा. हे झोपाय लागल्यात. रातीचं झोपत्यात आता."

पोरं फिदीफिदी हसली. एक म्हातारी म्हणाली, "मग काय, जागं ठेवायचं वय हाय व्हय?" तसं सगळं गाव हसलं. काकी खाली बसल्या. आप्पांनी मागं वळून बघितलं नाही, पण त्यांच्या मानेची शीर ताठ झालेली मला दिसली.

"कारण सांगा," शैलाताई म्हणाल्या.

"कारण काय न्हाई. बंद करा."

"हरकत!" कॅप्टन फाळके ताडकन उठले. "कारणाशिवायचं मत धरायचं नाही, हे ठरलंय. हे मत बाद. मग राहिलं एक विरुद्ध एक. बरोबरी झाली की आहे ते चालू!"

माझं दुकान वाचलं होतं. मला काहीच करायचं नव्हतं, गप्प उभं राहायचं होतं. सपाट तळव्यांच्या माणसाला तेवढं सहज जमतं.

पण कॅप्टनसाहेबांना जिंकून थांबता येत नसे. "आप्पा, लढाई बघितलेल्या माणसाला कारण देता येतं. भाकऱ्या भाजणाऱ्याचं मी समजू शकतो. सांगा की एकदा, काय बघितलंत वर? घ्या, माइक घ्या."

आप्पांनी माइककडं बघितलं. मग हात पुढं केला.

पंधरा ऑगस्टचा तोच माइक होता तो, त्याच दोरीनं बांधलेला. आप्पा आता सांगणार, आणि गाव ऐकणार, आणि पुढच्या वर्षी दुसरं कुणीतरी ते सांगेल. उतारावर दोघं येतील, मग सहा, मग घोडे. सेटर जाईल. कावळे जातील. राहील नुसती टाळी.

"मी सांगतो कारण!" माझ्या तोंडून निघालं.

सगळं गाव वळलं. वडीलही.

"आप्पांनी मला मारलं," मी म्हणालो. "काल. गेम हरले, आणि उठून माझ्या कानाखाली वाजवली. त्यांना ते सांगायची लाज वाटतेय."

आप्पा माइकपाशी हात तसाच ठेवून माझ्याकडं बघत राहिले.

"खोटं!" इंदूकाकी किंचाळल्या. "मुंगीला मारत न्हाई हा माणूस!"

"शेलार," कॅप्टनसाहेब फौजी आवाजात म्हणाले, "हे खरं आहे का?"

"व्हय," आप्पा म्हणाले. "मारलं मी."

"कुठल्या गालावर?"

"डाव्या," मी म्हणालो.

"उजव्या," आप्पा म्हणाले. आम्ही दोघं एकदमच बोललो.

कॅप्टनसाहेबांनी विचार केला. चौकशीची त्यांना सवय होती. "दोन्ही लिहा," ते म्हणाले.

गेममुळं माणूस आक्रमक होतो की नाही, याबद्दल जगात अजून वाद चालू आहे असं ऐकतो. पानवळमध्ये तो मिटलेला आहे. गावातला सगळ्यात शांत माणूस आठ दिवसांत हात उगारायला लागला, याच्यापुढं आणखी काय पुरावा पाहिजे? समितीचे हात वर झाले. एक विरुद्ध दोन, दुकान बंद. डांगे सर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "प्रामाणिक आहेस, विक्रांत." वडिलांनी माझ्या डाव्या गालाकडं बघितलं, मग उजव्या, आणि घरी निघून गेले. जेवताना त्यांनी माझ्या ताटात न मागता दुसरी भाकरी टाकली.

दुसऱ्या सकाळी कराडच्या एका माणसाचा टेंपो मशिनं न्यायला आला. मी तारा गुंडाळत होतो, तेवढ्यात आप्पा आले. दाढी वाढलेली, डोळे लाल. त्यांनी कोपऱ्यातला त्यांचा मॉनिटर उचलला, छातीशी धरून टेंपोत नेऊन ठेवला, परत आले, दुसरा उचलला. सगळं चढवून झालं. ड्रायव्हर दोरी आणायला स्टँडवर गेला. उन्हं नुकतीच रस्त्यावर आली होती. समोरच्या हापशावर इंदूकाकी पाणी भरत होत्या. त्यांनी आमच्याकडं बघून तोंड फिरवलं. त्या अजूनही माझ्याशी बोलत नाहीत.

"झोपला होतात का, आप्पा?" मी विचारलं.

"न्हाई."

"आला?"

"आला," आप्पा म्हणाले. सुट्टीवर आलेल्या पोराबद्दल आई बोलते त्या आवाजात. "पहाटं आला. दमल्यागत दिसत हुता. हिरवी बाही हाय. हिरवीच."

मग ते टेंपोच्या मागच्या फळीवर बसले, आणि जरा सरकून शेजारी एका माणसापुरती जागा केली.

मी उभाच राहिलो.